कनिष्ठेचा चेहरा

दीक्षितपुरा, जबलपूर
रविवार, १७ ऑगस्ट २०२५

चि. सौ. रोशनीस,

मी मोठी, तेव्हा पहिला आशीर्वाद माझ्याकडून जायला पाहिजे, म्हणून देते आहे. सुखी राहा. इकडे सगळे बरे आहेत. तुम्ही बरे आहात का हे विचारायची गरज नाही, रोज मोबाईलवर दिसून राहिलं आहे.

आधी कामाचं सांगते, म्हणजे मग मला मोकळं बोलता येईल. समोरचे भय्यासाहेब मंगळवारी मुलीकडे नागपूरला येऊन राहिले. त्यांच्या हाती दोन डबे देणार आहे. प्लास्टिकच्या डब्यात खोव्याची जलेबी आहे, ती धनेशभाऊजींची. तू त्यातली एकच खा, तुझं पित्त मला माहीत आहे. दुसरा स्टीलचा, लाडवांचा मोठा डबा आहे, सुतळीने बांधलेला. तो हे पत्र पूर्ण वाचल्याशिवाय उघडायचा नाही. भय्यासाहेबांना 'काचेचं सामान आहे' असं सांगणार आहे. बिचारे नागपूरपर्यंत मांडीवर घेऊन बसतील.

त्या डब्यात आपली कनिष्ठा आहे. हो, महालक्ष्म्यांमधली धाकटी. तिचा मुखवटा कापसात गुंडाळून पाठवते आहे, आणि त्या मुखवट्यावर आत्ता चेहरा नाही. नुसती माती आहे. एकतीस तारखेला, रविवारी, आवाहन आहे. त्याच्या आत तिचे डोळे, ओठ, सगळं जागेवर पाहिजे, आणि जसं होतं तसंच पाहिजे.

आता तू विचारशील, काहून असं झालं? ओठांचा रंग जरा उडाला होता, तो नीट करायला घेतला, शेजारी ॲसिटोनची बाटली होती, ती कलंडली. झालं. तुझीच बाटली आहे, बाहुल्यांचे चेहरे पुसायची, नागपूरला जाताना तूच ठेवून गेलीस.

फोन करता आला असता, पण फोन वाजला की आईंना स्पीकर लागतो. 'रोशनी आहे का? मोठ्याने लाव.' व्हॉट्सॲपवर लिहावं तर माझा मोबाईल माझ्यापेक्षा बंटीच्या हातात जास्त असतो, आणि त्याच्या पोटात तीळ भिजत नाही. म्हणून हे कागद-पेन. मार्चपासून तुझ्याशी बोलली नाही, आता लिहूनच बोलणं सुरू होऊन राहिलं आहे. बघ बाई.

घरचं सांगते. ह्यांची फॅक्टरीत सध्या दोन पाळ्यांची ओढाताण आहे. घरी येतात, जेवतात, पेपर तोंडावर घेऊन झोपतात. बंटीचा निकाल बरा लागला, पण पेढे वाटण्याइतका बरा नाही. आईंचा गुडघा पावसाळ्याने धरला आहे, पण तुझा व्हिडिओ आला की गुडघा सुटतो. टाचा उचलत त्या माझ्या खोलीत येतात आणि म्हणतात, 'गीतांजली, पाहिलं का? आपल्या रोशनीने कोणाला बनवलं पाहा!' मी म्हणते पाहिलं. त्या म्हणतात, 'पुन्हा पाहा.' चलो, पुन्हा पाहते. दिवसातून तीनदा तुझा हात, तुझी पेन्सिल, तुझी अंगठी, आणि ती बाहुली हळूहळू डोळे उघडून राहिली आहे. खाली लोकांच्या टाळ्या. कोणी लिहितं, दीदी आपके हाथों में जादू है. कोणी लिहितं, जान डाल दी. मी सगळं वाचते. न वाचता राहवतच नाही मला, काय करू?

तर मग आता बिजुरीचं बोलू या. तू टाळशील, मी टाळणार नाही.

'आँगन की बिजुरी' ही मालिका मी पहिल्या भागापासून पाहते. तू पाहत नव्हतीस. तुला नुसते फोटो लागत होते, समोरून एक आणि बाजूने एक. बिजुरीच्या लेहेंग्याची कड कशी आहे, ओढणी ती डाव्या खांद्यावरून घेते आणि चिडली की कमरेला खोचते, हे कोणी पाहिलं? त्या ओढणीसाठी घमापुरात मी किती दुकानं पालथी घातली! बोटभर रुंदीची जरीची पट्टी लागते ना बाहुलीला, अख्ख्या बाजारात सगळी चार बोटांची. तो लेसवाला मला पाहून हसायचा, 'दीदी, अब की बार किसकी दुल्हन है?' शेवटी माझ्याच लग्नातल्या ब्लाउजची किनार उसवली मी. तुला माहीत आहे. तू समोर बसून चहा पीत होतीस आणि म्हणालीस, 'ताई, नका ना उसवू.' मी म्हटलं, मला तसाही तो आता होत नाही.

आणि आठवते का, तो लेहेंगा चढवला तेव्हा त्या बाहुलीला तोंडच नव्हतं. कारखान्याचा चेहरा तू पुसून टाकला होता आणि नवा काढला नव्हता. कोरं करकरीत अंड्यासारखं डोकं. तेवढ्यात बंटी आला आणि दारातूनच म्हणाला, 'अरे, बिजुरी!' तोंडावाचून ओळखली पोराने. ओढणी खोचलेली पाहून ओळखली. मी ते त्याच दिवशी मनात नोंदवून ठेवलं.

मग ती बाहुली मुंबईला गेली, त्या नटीने हातात धरून व्हिडिओ काढला, 'चेहरा तो देखो, हूबहू मैं!' आणि तुझं नाव घेतलं. ठीक आहे. तिला माझं नाव माहीत नाही, ती बिचारी काय घेणार. पण त्यानंतर त्या नागपूरच्या चॅनेलवाल्या मुलीने तुला विचारलं, 'और इतने सुंदर कपड़े?' आणि तू हसून म्हणालीस, 'वो तो घर पे बन जाते हैं।'

बनून जातात!

वाटीत दूध ठेवलं की दही बनून जातं. कपडे बनून नाही जात, रोशनी. कोणी तरी चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन, गुडघ्यावर उशी ठेवून, मुंगीच्या पायाएवढे टाके घालतं, तेव्हा ते बनतात. त्या बाईला नाव आहे. तू तिला नऊ वर्षं 'ताई' म्हणते आहेस.

आई शेजारीच बसून पाहत होत्या. त्यांना काही खटकलं नाही. म्हणाल्या, 'किती साधी आहे पोरगी, गर्व नाही बिलकुल.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठून गॅसवरचं दूध पाहायला गेली, दूध नव्हतंच गॅसवर.

तेव्हापासून मी तुझा फोन घेतला नाही. मे महिन्यात तू बाहुल्यांचं पार्सल पाठवलंस, कपडे शिवून द्या म्हणून. ते तसंच कपाटावर आहे, मी टेपसुद्धा काढली नाही. त्यात कोण आहेत, कोणाच्या नवऱ्या आणि कोणाच्या राण्या व्हायच्या आहेत, मला माहीत नाही. उघड्या पडल्या असतील बिचाऱ्या. तू आईंना सांगितलंस की ताई बिझी असतील. वा ग समजूतदार! मी काही बिझी नव्हती. मी जळून राहिली होती. मराठीत साधा शब्द आहे, तो वापरते.

कुकर झाला. बाकीचं उद्या.

सोमवार, दुपार

सकाळी आई पुन्हा बोलल्या म्हणून आता एक गोष्ट तुला सांगणं भाग आहे, नाहीतर तू फोनवर काहीतरी वेगळं बोलून बसशील आणि माझं पितळ उघडं पडेल.

शनिवारी त्यांनी ट्रंक उघडली. साड्यांना ऊन दाखवायचं होतं. ज्येष्ठेचा मुखवटा होता, कनिष्ठेचा नव्हता. तो माझ्या शिलाई मशीनच्या खणात होता. आई जाग्यावरच बसल्या. 'गीतांजली, धाकटी कुठे आहे?' त्यांचा आवाज असा आला की माझ्या तोंडातून निघून गेलं, 'रोशनीकडे पाठवली, रंगवायला.'

मला वाटलं रागावतील. देवाची वस्तू न विचारता घराबाहेर! तर कुठलं काय. त्यांचा चेहरा असा फुलला, असा फुलला, की विचारू नको. 'शहाणी आहेस तू. तिच्या हाताला चेहरा येतो.' तासाभरात अचलपूरला फोन, वर्ध्याला फोन, शहपुऱ्याच्या मावशींना फोन. 'ह्या वर्षी आमची कनिष्ठा रोशनी रंगवून राहिली. हो हो, तीच, टीव्हीवाली.' म्हणजे पाहा, तू ब्रशसुद्धा बुडवला नाहीस आणि अर्ध्या विदर्भात तुझं कौतुक होऊन राहिलं. केलेल्या कामाचं माझं नाव नाही आणि न केलेल्या कामाचं तुझं आहे. ह्याला नशीब म्हणतात की काय म्हणतात, तूच सांग.

तर तुला मुखवटा मिळून दहा दिवस झाले आहेत, असं लक्षात ठेव. कोणी विचारलं तर रंग वाळून राहिला आहे म्हण.

आईंना खोटं सांगायच्या आधी मी स्वतः प्रयत्न केला होता. तो सांगते, हसायचं असेल तर हसून घे.

बाहुल्यांच्या तुझ्या रंगीत पेन्सिली होत्या, उरलेली पावडर होती. मला वाटलं, काय असतं त्यात, इतकी वर्षं शेजारी बसून पाहिलं आहे. पहिल्यांदा काढली ती दचकलेली झाली. जणू कोणी तिला सांगितलं की सोळा भाज्यांतल्या दोन राहिल्या. पुसली. दुसऱ्यांदा हात आपोआप बाहुलीच्याच वळणावर गेला आणि कनिष्ठा बिजुरीसारखी तिरकी पाहायला लागली! मायबाई, महालक्ष्मी कधी अशी पाहते का? पंगतीत बसलेल्या पाहुण्यांनी जेवावं की पदर सावरावा? पुसली. तिसऱ्यांदा खरंच बरी साधली होती, देवाशपथ, थोडी मायाळू वाटत होती. म्हटलं पक्की करून टाकू, आणि वरून तुझा तो स्प्रे मारला. तू नेहमी सांगायचीस, ओलसर हवेत मारायचा नाही. मला ते स्प्रे मारून झाल्यावर आठवलं. सगळं तोंड पांढरं धुरकट झालं. पिठाच्या डब्यात पडल्यासारखी. तीही पुसली.

बाहुलीचं बिघडलं तर दुसरी बाहुली मिळते. हिला दुसरी नाही. आईंच्या सासूबाईंनी लग्नात आणलेल्या ह्या दोघी. वर्षानुवर्षं कोणी रंग काढला नाही, नुसतं काजळ ताजं करायचं आणि ओठांवरून हलका हात. ही आपल्या घरची रीत. आणि तुझी रीत, जुन्या रंगावर नवा रंग चढवायचा नाही, आधी सगळं साफ पुसायचं. मी तुझी पाळली.

थांब. काल लिहिलेलं आत्ता वाचून पाहिलं. त्यात मी लिहिलं आहे की बाटली कलंडली.

बाटली कलंडली नाही, रोशनी.

आणि ओठ उडाले होते ते ज्येष्ठेचे. कनिष्ठेला काहीच झालं नव्हतं.

आता लिहायला बसलीच आहे तर लिहिते. श्रावण लागला तेव्हा आईंनी दोघींना बाहेर काढलं, ह्या वर्षी काय काय करायचं ते पाहायला. मला म्हणाल्या, 'थोरलीचे ओठ पाहून घे जरा.' आणि कनिष्ठेला मांडीवर घेऊन बसल्या. तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, 'रोशनी नाही घरात, तर निदान हिचं तोंड तरी पाहते.' मी समोरच होती. घरात होती. एकवीस वर्षं घरातच आहे.

तुला आठवत असेल, तू लग्न होऊन आलीस त्या भाद्रपदात अचलपूरच्या आत्याबाई दारातून ओरडल्या होत्या, 'अव माय, ही तर आपली कनिष्ठाच चालत आली!' सगळ्यांनी तुझं तोंड आणि तिचं तोंड शेजारी धरून पाहिलं. तेच गोल गाल, तेच हसू-हसू करणारे ओठ. दरवर्षी नवा कोणी पाहुणा आला की त्याला दाखवायचं. आणि तू अशी लाजायचीस! मी साडीच्या निऱ्या धरून उभी असायची, तोंडात पिना. मी थोरली सून, पण मला कोणी कधी ज्येष्ठा म्हटलं नाही. म्हणायला पाहिजे होतं असं नाही. पण एकदा, चुकून, कोणीही म्हटलं नाही.

तर त्या दिवशी आई शेजारच्या अमिताकडे श्रावणाच्या हळदीकुंकवाला गेल्या. दोघी मुखवटे पाटावर आणि मी समोर. ज्येष्ठेचे ओठ करायचे होते, रंग कालवला होता. मी कनिष्ठेला उचललं. कापूस भिजवला. कपाळापासून सुरुवात केली, तू करतेस तशी, वरून खाली. मला माहीत होतं मी काय करून राहिली आहे. हात घसरला असं आईंना सांगता येईल, तुला नाही सांगता येत. तुला हातांचं कळतं.

आणि मला बरं वाटलं. एक डोळा गेला, बरं वाटलं. गाल गेला, बरं वाटलं. ते हसू जायला वेळ लागला, रंगाचे थरावर थर होते, मी जोर लावला.

मग खालची माती दिसली आणि मातीत कुंभाराच्या बोटांचे ठसे दिसले. मी महालक्ष्मीचं तोंड पुसलं होतं. बाहुलीचं नाही. ती माझ्याकडे पाहत नव्हती, कारण पाहायला तिच्याकडे काही नव्हतंच. मी पाटासमोर डोकं टेकलं आणि खूप वेळ उठलीच नाही. हे आले, म्हणाले, 'काय झालं, चक्कर आली का?' मी म्हटलं, हो.

माझ्याकडून पाप झालं आहे हे मला कळतं. पण खरं सांगू का, देवीची भीती त्या एका दिवसात सरली. ती आई आहे, ती माफ करेल, तिचं काम आहे ते. मला भीती आहे ती एकतीस तारखेची. तेव्हा आवाहनाला दारात एकटी मी उभी असेन, ज्येष्ठा हातात घेऊन, आणि आई विचारतील धाकटी कुठे. एकट्या ज्येष्ठेला बसवत नाहीत. दोघी येतात, दोघी जेवतात, दोघी जातात. धाकटी नसेल तर ह्या वर्षी आपल्या घरी महालक्ष्म्याच नाहीत, आणि ते माझ्यामुळे. आईंचं वय पाहता त्यांना हे कसं सांगू?

म्हणून तुला लिहिते आहे. माफ केलं म्हणून नाही लिहीत. 'बनून जातात' मी माफ केलेलं नाही, आणि तूही हे माफ करू नको, हिशेब बरोबर राहील. तू रंगव, आणि मुखवटा कोणाच्या हाती पाठवू नको. तू स्वतः घेऊन ये. धाकटीला धाकट्या सुनेनेच उंबऱ्यातून आत आणायचं असतं, हे तुला सांगायला नको.

आईंना सांगायचं असेल तर सांग. आधी लिहिणार होती की सांगू नको, त्या बदल्यात मी तुझ्या पार्सलमधल्या सगळ्यांचे कपडे शिवून देते. लिहून खोडलं. असला सौदा शोभत नाही. कपडे मी तसेही शिवणार आहे. काल पार्सल उघडलं. तीन आहेत, तिन्ही उघड्याबोडक्या, आणि तिन्ही पुसलेल्या. मला कसंसंच झालं. घाईघाईने तिघींना रुमाल गुंडाळले.

पाकिटात एक फोटो ठेवते आहे, तुला चेहऱ्यासाठी लागेल. मोबाईलमधले सगळे फोटो पाहिले, बंटीचे पाहिले, ह्यांचे पाहिले. कुठे कनिष्ठेच्या तोंडावर हाराची फुलं, कुठे समईचा धूर. स्वच्छ तोंड एकाच फोटोत आहे, तुझ्या पहिल्या वर्षीच्या. तू तिच्या शेजारी उभी आहेस, दोघी सारख्याच हसून राहिल्या आहात. उजवीकडे जो अर्धा हात आणि पदर दिसतो, ती मी. फोटो काढणाऱ्याने मला कापलं आहे. आत्याबाईंनी काढला होता, त्यांचा काही दोष नाही.

फोटोत आहे तशीच कर. गाल तसेच, ओठ तसेच. आईंना जराही फरक दिसायला नको.

आणि आता एक मागते. लिहू की नको करत दोनदा पेन ठेवलं.

तू इतक्या बायकांचे चेहरे केलेस. बिजुरी केलीस, तिची सासू केलीस, तिची सवत केलीस. ती भोपाळची दातांची डॉक्टर स्वतःचीच बाहुली करून घेऊन गेली. माझा चेहरा कोणी मागितला नाही आणि तुलाही कधी करावासा वाटला नाही. मी शेजारीच बसलेली असायची, फोटोचीसुद्धा गरज नव्हती. मी कधी म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर तू केला असतास, आणि मला तो मागून नको होता. आता मागते आहे, पाहा, काय वेळ आली.

सगळं फोटोतल्यासारखं कर, रोशनी. फक्त भुवया माझ्या दे. कोणाला कळणार नाही. आईंना नाही, आत्याबाईंना तर नाहीच. तिला साडी नेसवताना मला तेवढं कळलं तरी पुरे.

माझ्या भुवयांचा फोटो मी पाठवत नाही. चेहरे तुझ्या लक्षात राहतात असं सगळे म्हणतात. माझा राहिला आहे का, ते मी एकतीस तारखेला पाहीन.

आता डबा उघड. कापूस हळू काढ.

अजून जळणारी, आणि दाराशी वाट पाहणारी,
तुझी ताई
गीतांजली